सव्वीस सर्व्हर, एक रात्र आणि कॉपी कमांडचा शून्य

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीतल्या एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय धरून २६ सर्व्हर आहेत. बहुतेक विंडोज सर्व्हर २०१६, दोन अजून २०१२ आर२ वर. सुरक्षा सॉफ्टवेअरचं एमएसआय पॅकेज (विंडोजची इन्स्टॉलेशन फाईल) टास्क शेड्युलरमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, रात्री अकराला, शाखेत कुणी नसताना, सगळीकडे आपोआप बसवायचं ठरलं. सकाळी पाहिलं तर टास्कचा निकाल सगळीकडे शून्य, म्हणजे काम फत्ते. कन्सोलवर, म्हणजे सुरक्षा सॉफ्टवेअरचे सगळे सर्व्हर एका जागी दाखवणाऱ्या पडद्यावर, मात्र १७ च सर्व्हर. त्यातल्या एका ओळीवर सकाळी भिलवडी शाखेचं नाव असतं आणि दुपारी कसबे डिग्रज शाखेचं. बॅच फाईल सोबत दिली आहे. विचारणा अशी की, उरलेले नऊ गेले कुठे आणि पुढच्या वेळी हे नीट कसं करायचं.

नऊपैकी चार कुठे आहेत ते मी इथूनच सांगू शकतो. पण आधी त्या शून्याचा निकाल लावू.

तुमच्या बॅच फाईलमध्ये कामाच्या ओळी दोनच आहेत. पहिली एमएसआयएक्झेक, म्हणजे विंडोजचा इन्स्टॉलर, चालवते, दुसरी तयार झालेला लॉग (इन्स्टॉलेशनच्या नोंदींची फाईल) मुख्य कार्यालयाच्या शेअरवर (सामायिक फोल्डरवर) कॉपी करते. टास्क शेड्युलर दाखवतो तो निकाल फाईलमधल्या शेवटच्या कमांडचा. म्हणजे तुम्ही रात्रभर जो शून्य मिळवलात तो इन्स्टॉलेशनचा नाही, कॉपी कमांडचा आहे. लॉग व्यवस्थित कॉपी झाला, एवढंच तो सांगतोय. आत इन्स्टॉलेशन कोसळलं असलं तरी कोसळल्याचा लॉग नीट कॉपी होतोच की! आणि पुढची गंमत म्हणजे सगळ्या शाखांचा लॉग एकाच नावानं कॉपी होतो. बॅच फाईलच्या आत असताना कॉपी कमांड ‘आधीची फाईल पुसू का’ असं विचारत नाही. त्यामुळे २६ लॉग एकमेकांवर लिहिले गेले आणि शेअरवर उरला तो एकच, सगळ्यात हळू शाखेचा.

दुरुस्ती छोटी आहे. एमएसआयएक्झेकच्या लगेच खालच्या ओळीत एररलेव्हल, म्हणजे नुकत्याच चाललेल्या कमांडचा निकालाचा आकडा, एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. लॉगच्या नावात कॉम्प्युटरनेम घाला. सगळं आवरल्यावर त्या धरलेल्या आकड्यानेच फाईलमधून बाहेर पडा. उद्या हेच पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या स्क्रिप्टच्या भाषेत) लिहायचं झालं तर आणखी एक काळजी घ्या. तिथे इन्स्टॉलर नुसता हाक मारून सुरू केला की पॉवरशेल त्याच्यासाठी थांबत नाही, पुढे निघून जातं. स्टार्ट-प्रोसेसला वेट आणि पासथ्रू दोन्ही द्यायचे, म्हणजे काम संपेपर्यंत ते थांबतं आणि खरा कोड हाती येतो. सेटअप डॉट ईएक्सई असेल तर त्याहून जपून. काही सेटअप फाईली आतून एमएसआयएक्झेकला कामाला लावून स्वतः आधीच घरी जातात.

आता इन्स्टॉलर परत देतो ते कोड. यादी मोठी आहे, पण रोजच्या कामात पाचसहाच येतात. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट बाकी आहे. याला अपयश समजून पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणारी माणसं मी पाहिली आहेत. १६४१ म्हणजे झालं आणि इन्स्टॉलरनं रीस्टार्ट सुरूही केला. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी आधीच बसतंय, रात्रीच्या वेळी बहुधा विंडोज अपडेट. त्यावर उपाय एकच, दहा मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न, असे तीनदा. १६१९ म्हणजे पॅकेज उघडताच आलं नाही, बहुतेक वेळा पाथ चुकलेला किंवा परवानगी नाही. आणि १६०३ म्हणजे ‘काहीतरी बिनसलं’, याहून जास्त तो काही सांगत नाही. तेव्हा विस्तृत लॉग उघडायचा, त्यात ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधायचा आणि तिथून वर वर वाचत जायचं. खरं कारण त्याच्या वरच्या दहावीस ओळींत असतं. लॉग हजारो ओळींचा असतो म्हणून लोक घाबरतात, वाचायच्या ओळी मात्र मूठभरच.

तुमच्या ओळीत नो-रीस्टार्टचा स्विच आहे, ते उत्तम केलंत. माझा एकदा राहिला होता. जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्याचं काम होतं, ऐन गळीत हंगामात. क्यूएन दिलं, म्हणजे पडद्यावर काहीही दाखवू नको. पण त्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यातून निसटला. विचारायला पडदाच नसला की रीस्टार्ट लागल्यावर इन्स्टॉलर विचारत नाही, सरळ करून टाकतो. पहाटे पावणेतीनला वजनकाट्यामागचा सर्व्हर बसला. डेटाबेस पुन्हा उभा राहायला वीस मिनिटं गेली. तेवढ्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या काट्यापासून गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत लागल्या. थंडीत कानटोपी घालून उभ्या असलेल्या ड्रायव्हरांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी दोन्ही लावतो, स्विचही आणि रीबूट प्रॉपर्टीला ‘रिअली सप्रेस’ही. रीस्टार्ट हे वेगळं काम धरतो, त्याची वेळ वेगळी आणि त्याला माणूसही वेगळा.

आता भिलवडी आणि कसबे डिग्रज. तुम्ही जाता जाता लिहिलंय की २०१९ च्या महापुरात पाच शाखांचे सर्व्हर पाण्यात गेले आणि नंतर एकच इमेज (तयार सर्व्हरच्या डिस्कची हुबेहूब प्रत) पाचही ठिकाणी उतरवून काम सुरू केलं: भिलवडी, कसबे डिग्रज, हरिपूर, सांगलीवाडी, वाळवा. दुखणं तिथेच आहे. त्या धावपळीत इमेजवर सिसप्रेप (प्रत उतरवण्याआधी मशीनची जुनी ओळख पुसण्याची क्रिया) कुणी केलं नसणार, आणि त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. तेव्हा गुडघाभर चिखल काढून काउंटर उघडायचे होते. पण सिसप्रेप न केल्यानं पाचही मशीनचा रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातला) मशीन-गाइड, म्हणजे मशीनचा ओळखक्रमांक, एकच राहिला. बरेच एजंट (सुरक्षा सॉफ्टवेअरचा सर्व्हरवर बसणारा भाग) कन्सोलला स्वतःची ओळख सांगताना असलाच एखादा क्रमांक पुढे करतात. कन्सोलच्या दृष्टीनं पाच सर्व्हर नाहीतच, एकच आहे आणि तो सारखा नाव बदलतोय. ज्यानं शेवटचा संपर्क केला त्याचं नाव ओळीवर. पाच मिळून एक ओळ, म्हणजे नऊपैकी चार इथेच सापडले.

खात्री करून घ्या. पाचही मशीनवर रजिस्ट्रीत मायक्रोसॉफ्टच्या खाली क्रिप्टोग्राफी या कीमध्ये मशीन-गाइड आहे, तो एका कागदावर उतरवून ताडून पाहा. सारखा निघाला तर तो हातानं बदलायच्या फंदात पडू नका. त्यावर आणखी कुठलं सॉफ्टवेअर अवलंबून आहे कुणास ठाऊक, तुमच्या बँकिंग सॉफ्टवेअरचं लायसन्ससुद्धा असू शकेल. सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे ‘एजंटची ओळख पुसून नवी द्या’ यासाठी साधन किंवा पद्धत असते. सहसा सर्व्हिस थांबवायची, एजंटचा क्रमांक पुसायचा, सर्व्हिस चालू करायची. ती पद्धत लेखी मागून घ्या, कारण छेडछाडीपासूनचं संरक्षण चालू असेल तर एजंट स्वतःची सर्व्हिस तुम्हालाही थांबवू देत नाही. ही पाच मशीनं कन्सोलवर वेगळी दिसेपर्यंत सुरक्षित धरू नका. सुरक्षेचं धोरण (कन्सोलवरून पाठवलेली सेटिंग) कुणाला पोचलं आणि कुणाला नाही, हे तोवर कळणार नाही.

उरले पाच. त्यांच्याबद्दल लॉग पाहिल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण कुठे पाहायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी शिपाईमामांना फोन करा. गंमत करत नाही. कितीतरी शाखांत संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढायची सवय असते. शॉर्टसर्किटची भीती आणि विजेचं बिल, दोन्ही खरी कारणं आहेत. सर्व्हर थोडा वेळ यूपीएसवर तग धरतो आणि साडेसातला झोपतो. रात्री अकराचा टास्क मग चुकतो. टास्कमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव’ ही खूण केली असेल, तर इन्स्टॉलेशन सुरू होतं सकाळी पावणेदहाला, नेमकं पेन्शनवाले पासबुक भरायला रांगेत असताना. मशीन हळू झालं म्हणून कुणीतरी बटण दाबून बंद करतं आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यावर लटकतं. जत, आटपाडी, शिराळा अशा लांबच्या शाखांत ‘आज रात्री मेन बंद करायचा नाही’ असं नुसतं मेलवर कळवून भागत नाही. संध्याकाळी पाचला शाखाधिकाऱ्याला फोन, आणि त्याच्याकडून शिपायाला निरोप.

दुसरं, जुनं अँटीव्हायरस. ते काढलं होतं का, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी प्रत्येक फाईल उघडताना तपासायला लागली की सर्व्हर बैलगाडी होतो. म्हणून बरेच इन्स्टॉलर आधीचं दिसलं की सरळ १६०३ देऊन माघारी फिरतात. जुनं काढायला पासवर्ड लागतो आणि तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाकडे असतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. पासवर्ड आधी मिळवा. काढल्यावर फिल्टर ड्रायव्हर (फाईल उघडताना मध्ये उभा राहून तपासणारा भाग) खरंच गेले का ते ‘एफएलटीएमसी’ कमांडनं पाहा. कंट्रोल पॅनेलमधून नाव गेलं तरी ड्रायव्हर मागे राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज १० किंवा ११ वर दुसरं अँटीव्हायरस बसलं की डिफेंडर, विंडोजचं स्वतःचं अँटीव्हायरस, आपणहून बाजूला होतो. सर्व्हरवर तसं होत नाही. सर्व्हर २०१६ पासून डिफेंडर मुळातच आत असतो आणि दुसरं काही आलं तरी आपलं काम चालूच ठेवतो. नवीन पॅकेज स्वतः तो बंद करतं का, हे कंपनीला विचारा. करत नसेल तर डिफेंडरचं फीचर तुमच्या स्क्रिप्टनं काढावं लागेल, आणि त्यालाही रीस्टार्ट लागतो.

तिसरं, ‘आधीच बसलंय का’ हे स्क्रिप्टनं कसं पाहायचं. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये मी डब्ल्यूएमआयच्या (विंडोजला मशीनची माहिती विचारायच्या सोयीच्या) विन-३२-प्रॉडक्ट क्लासला विचारलं होतं, काय काय बसलंय सांग. वरवर निरुपद्रवी प्रश्न. पण तो क्लास नुसती यादी देत नाही. एमएसआयनं बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तपासणी करतो आणि काही कमीजास्त वाटलं तर दुरुस्तीही करतो. ॲप्लिकेशनच्या इव्हेंट लॉगमध्ये १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली. त्या दुरुस्तीत लॅबच्या सॉफ्टवेअरची सेटिंग मूळ अवस्थेत गेली आणि रिपोर्ट नको त्या प्रिंटरवर निघायला लागले. त्या दिवसापासून मी रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉलची की वाचतो. ती फक्त वाचली जाते, तिला हात लागत नाही.

चौथं, घड्याळ आणि सर्टिफिकेट. एजंट कन्सोलशी टीएलएसवर, म्हणजे सर्टिफिकेट तपासून उघडणाऱ्या सुरक्षित जोडणीवर, बोलतो. सर्व्हरची बॅटरी संपून तारीख मागे गेली असेल तर सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ठरतं आणि नोंदणी होत नाही, इन्स्टॉलेशन मात्र शून्यच सांगतं. शाखांच्या सर्व्हरना इंटरनेट नसेल तर मूळ सर्टिफिकेटं आपोआप ताजी होत नाहीत, त्यानंही हेच होतं. तुमच्या २०१२ आर२ वाल्या दोन मशीनवर माझा पहिला संशय हाच आहे. शिवाय त्या आवृत्तीचा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, तेव्हा एजंटची आताची आवृत्ती तिथे चालते का, तेही तपासा. घड्याळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, हेही त्याच कागदात आहे. संचालक मंडळापुढे खर्चाची मंजुरी मागताना तो कागद उपयोगी पडतो.

पॅकेज पोचवण्याबद्दल. तुमची बॅच फाईल थेट शेअरवरून एमएसआय चालवते. हे बदला. ४०० एमबीचं पॅकेज, २६ सर्व्हर, म्हणजे दहा जीबीच्या वर. मुख्य कार्यालयाची लाईन १० एमबीपीएसची आहे म्हणता, तर लाईन पूर्ण मोकळी असली तरी सव्वादोन तासांहून जास्त, आणि सगळे एकदम अकरा वाजता तुटून पडणार. त्याऐवजी तीनचार दिवस आधीपासून रोबोकॉपी या विंडोजच्या कमांडनं फाईल हळूहळू प्रत्येक सर्व्हरवर उतरवा. तुटलं तर तिथूनच पुढे चालू होण्याचा स्विच आणि पॅकेटांमध्ये अंतर ठेवण्याचा स्विच, दोन्ही त्यात आहेत. उतरल्यावर एसएचए-२५६, म्हणजे फाईलचा ठसा, मूळ फाईलशी जुळवा. मग अकराच्या रात्री नेटवर्कची गरजच उरत नाही. यानं आणखी दोन कटकटी टळतात. सिस्टिम खात्याला तुमचा मॅप केलेला झेड ड्राईव्ह दिसत नाही. आणि पॉवरशेलनं लांबच्या सर्व्हरवर शिरून तिथून तिसऱ्या मशीनच्या शेअरवर जायला गेलं की तुमची ओळख पुढे जात नाही, परवानगी नाकारली जाते. फाईल जागेवरच असली की दोन्ही प्रश्न मिटले. इंटरनेटवरून उतरवलेल्या सेटअपला ‘ही फाईल चालवू का’ असं विचारायची सवय असते, ती खूण अनब्लॉक-फाईलनं आधीच काढून टाका. रात्री सेशन शून्यात, म्हणजे विंडोजच्या कुणालाच न दिसणाऱ्या पडद्यावर, उघडलेल्या खिडकीवर ‘हो’ म्हणायला कुणीही बसलेलं नसतं. टास्क सकाळपर्यंत ‘चालू आहे’ असंच दाखवत राहतो.

सायलेंट स्विच प्रत्येक इन्स्टॉलरचे वेगळे, हेही लक्षात असू द्या. एमएसआयचं क्यूएन ईएक्सईला चालेलच असं नाही. इनो सेटअपला व्हेरी-सायलेंट लागतो, एनएसआयएसला एस, तोही मोठ्या लिपीतला. छोटा लिहिलात तर तो दुर्लक्ष करून ऐटीत खिडकी उघडतो.

कन्सोलवरची तयारी इन्स्टॉलेशनच्या आधी करायची, नंतर नाही. शाखांचा गट बनवा, धोरण लावा, त्यात एसक्यूएल डेटाबेसच्या एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ फाईली तपासणीतून वगळा, आणि बसल्या बसल्या सुरू होणारी पहिली पूर्ण तपासणी रविवारी ढकला. वगळण्याबाबत सॉफ्टवेअरवाले ‘सगळा डी ड्राईव्ह वगळा’ असं हटकून सांगतात. ऐकू नका. फोल्डरची नेमकी नावं लेखी मागा. देत नाहीत तोवर फक्त डेटाबेसच्या फाईली.

नोंदणीचा टोकन (एजंटला कन्सोलवर दाखल करून घेणारा गुप्त क्रमांक) तुम्ही बॅच फाईलमध्ये उघडा लिहिला आहे. तो विस्तृत लॉगमध्येही उमटतो, आणि तो लॉग तुम्ही सगळ्यांना दिसणाऱ्या शेअरवर ठेवलाय. काम झालं की टोकन रद्द करा, लॉग हलवा.

मुख्य कार्यालयातल्या दोन उबंटू (लिनक्स) मशीनबद्दल एका ओळीत विचारलंय, तर तेवढ्यातच सांगतो. डेबियन-फ्रंटएंड या व्हेरिएबलला नॉन-इंटरॅक्टिव्ह द्या, म्हणजे मध्ये प्रश्न येत नाहीत, पण सुडोच्या (प्रशासक म्हणून चालवणाऱ्या कमांडच्या) आधी लिहिलात तर सुडो तो सहसा आत नेत नाही, नंतर लिहा. २२.०४ वर नीड-रीस्टार्ट मध्येच ‘कोणत्या सर्व्हिस पुन्हा चालू करू’ विचारत थांबतो, त्याला आपोआपच्या मोडवर ठेवा. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल आणि एजंटचं कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा भाग) स्वतःच्या चावीनं सही केलेलं असेल, तर ती चावी बूट होताना पडद्यासमोर बसून मान्य करावी लागते. ते काम रात्री आपोआप होणार नाही, सरळ एक दुपार काढा.

एका रात्रीत सव्वीसही करायचा हट्ट सोडा. पहिल्या दिवशी मुख्य कार्यालयातला एक चाचणीचा, मग जवळच्या तीन शाखा, विश्रामबाग, मिरज, कुपवाड, जिथे दुचाकीवर अर्ध्या तासात पोचता येतं. दोन कामाचे दिवस जाऊ द्या, एक दिवसअखेर आणि एक बॅकअप नीट झालेला बघा. मग आठ, मग उरलेले. अपडेटांनाही हाच टप्पा लावा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची एक सदोष फाईल जगभर एकदम गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या पडद्यावर अडकली. इन्स्टॉलेशन नव्हतं ते, नेहमीचं अपडेट होतं. असं सॉफ्टवेअर कर्नलच्या पोटात बसतं, त्याचं पोट बिघडलं की मशीन उठत नाही, आणि मग जतपर्यंत गाडी काढण्याखेरीज मार्ग नसतो. मार्चअखेरीला तर या कामाला हातही लावू नका.

‘झालं’ कधी म्हणायचं? माझी कसोटी तीन गोष्टींची आहे आणि एक्झिट कोड त्यात नाही. कन्सोलवर त्या सर्व्हरची स्वतंत्र ओळ आणि गेल्या तासाभरातला संपर्क. रीस्टार्टनंतर ‘एफएलटीएमसी’मध्ये नव्या सॉफ्टवेअरचा फिल्टर हजर. आणि ईकार ही अँटीव्हायरसची चाचणी फाईल, ६८ अक्षरांची, कुणालाही इजा न करणारी. ती त्या सर्व्हरवर तयार करायची आणि कन्सोलवर इशारा येतो का ते पाहायचं. फाईल जागेवर तशीच राहिली तर ते मशीन माझ्या वहीत अजून बाकी.

तुम्ही आज एवढंच करा. पाच पूरग्रस्त शाखांचे मशीन-गाइड ताडून बघा, आणि बाकीच्या चुकलेल्या पाच सर्व्हरवरचे मूळ लॉग, शेअरवरचा नव्हे, त्या त्या मशीनवरचे, टोकन खोडून पाठवा. ‘रिटर्न व्हॅल्यू ३’च्या वरच्या तीस ओळी पुरेत. दोन्ही २०१२ आर२ मशीनची तारीख आणि वेळ फोनवरून विचारून सोबत लिहा.